पहिल्या ओळीची साक्ष

१

चोरीला गेलेलं कार्ड दोन वर्षांनी सापडलं. सापडलं ते जिथून चोरीला गेलं होतं तिथंच, त्याच यंत्रात, त्याच चार स्क्रूंनी घट्ट बसवलेलं. चोरीच्या गोष्टी मी बऱ्याच ऐकल्या आहेत, पण अशी नव्हती ऐकली.

आमची कंपनी रक्त तपासायची यंत्रं बनवते. टेबलावर मावतील अशी, छोट्या दवाखान्यांसाठी. त्यातलं एक जिना चढवताना हमालाच्या हातून निसटलं आणि बारा पायऱ्या मोजत खाली आलं. दुरुस्तीला माझ्या टेबलावर आलं तेव्हा त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. आतल्या मुख्य कार्डावर एक पत्र्याचं झाकण असतं, चारही बाजूंनी डाग देऊन पक्कं केलेलं, आणि त्याखाली चिप. ते झाकण कुणी काढत नाही, कारण काढलं की कार्ड कामातून जातं. इथं मात्र ते आपटण्यानंच उचकटलं होतं. मी सहज वाकून पाहिलं. चिपच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलं होतं, आर-तीन. म्हणजे रिव्हिजन तीन, नवी चिप.

मी भिंग आणून पुन्हा पाहिलं. यंत्राच्या मागचा क्रमांक पाहिला. सतरा. मग खुर्ची ओढून बसलो.

सतरा नंबरच्या यंत्रात नवी चिप असूच शकत नव्हती. दोन वर्षांपूर्वी या यंत्रानं स्वतःच सांगितलं होतं की आपल्यात जुनी चिप आहे, रिव्हिजन एक. त्याच्या आणि त्याच्या एकोणचाळीस भावंडांच्या सांगण्यावरून आम्ही एका माणसाला चोर ठरवून घरी बसवलं होतं. तो माणूस म्हणजे आमचे स्टोअरकीपर. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे दाजी.

२

मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "याचा छडा तू लावू नकोस. तू घरचा आहेस. मोठ्या बाईंना बोलावतो."

मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या जुन्या प्रमुख. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. कंपनीतल्या निम्म्या लोकांना मोजायला त्यांनी शिकवलं, मालकांनासुद्धा. डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून समोरच्याला त्या उजवीकडे बसवतात, आणि नको असलेलं बोलणं सुरू झालं की स्वतःच खुर्ची फिरवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या, मला उजवीकडे बसवलं आणि वही उघडली.

"कॉम्प्युटरमधलं मला काडीचंही कळत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी यंत्राला काटा असायचा. काटा अडकला तर टिचकी मारायची. तेव्हा मला लहान पोराला सांगतात तसं सांग. यंत्र बोललं म्हणजे काय केलं?"

मी सांगितलं. यंत्र चालू केलं की ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आधी जागा होतो, आम्ही त्याला कर्नेल म्हणतो. पडदा, बटणं, छपाई यांतलं तेव्हा काहीच जागं नसतं. त्या पहिल्या क्षणी कर्नेलला एकच गोष्ट कळून घ्यायची असते, आपण कोणत्या चिपवर उभे आहोत. नाव तेच राहतं, पण कारखाना चिपमध्ये सुधारणा करत राहतो आणि प्रत्येक सुधारणेला रिव्हिजनचा नंबर देतो. रिव्हिजन एकच्या आतल्या घड्याळात खोट होती, अधूनमधून एखादा ठोका ते गिळायचं. म्हणून रिव्हिजन एक दिसली की कर्नेल प्रत्येक वेळ तीनतीनदा मोजून घेतो. काम सावकाश होतं, पण बिनचूक होतं. रिव्हिजन तीनमध्ये खोट काढलेली आहे, तिथं एकदाच मोजलं की पुरतं. चिपच्या पोटात एका जागी तिचा नंबर कोरलेला असतो. कर्नेल तो वाचतो, त्यावरून पुढची सगळी चाल ठरवतो आणि आपल्या रोजनिशीत पहिली ओळ लिहितो, की चिप अमुक रिव्हिजनची आहे.

"ती ओळ लिहायला त्याला कुणी शिकवलं?"

"मी."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. "आता चोरी सांग."

चाळीस नवी यंत्रं तयार झाली होती, नव्या चिपची. प्रयोगशाळेत तपासली तेव्हा चाळीसही रोजनिशा रिव्हिजन तीन म्हणत होत्या. मग यंत्रं नऊ दिवस स्टोअरमध्ये राहिली आणि चाळीस दवाखान्यांत गेली. महिन्याभरात तक्रारी आल्या, की चार मिनिटांत येणारा रिपोर्ट अकरा मिनिटं घेतोय. रोजनिशा मागवल्या. चाळीसच्या चाळीस म्हणत होत्या, रिव्हिजन एक. त्याच वेळी स्टोअरमध्ये जुन्या चिपच्या चाळीस कार्डांचं एक खोकं पडलं होतं, मोडीत काढायचं ठरलेलं. त्याच नऊ दिवसांत ते खोकं चुरा करायला गेलं. किल्ली एकट्या दाजींकडे. चार स्क्रू काढले की कार्ड बदलता येतं, आणि वरचं नंबराचं स्टिकर वाफेवर धरलं की सुटतं.

"मग त्यांनी जुनी कार्डं यंत्रांत घातली आणि नवी लांबवली," बाई म्हणाल्या.

"तसं सगळे म्हणाले."

"ते काय म्हणाले?"

"त्यांनी लिहून दिलं, अदलाबदल माझ्या हातून झाली आहे म्हणून. सही केली आणि किल्ल्या टेबलावर ठेवून गेले. यंत्रं सावकाश का होईना पण बरोबर मोजत होती, म्हणून ती तशीच चालू ठेवली."

"आणि नवी चाळीस कार्डं कुठं ठेवली, म्हणून विचारलं?"

मी आठवून पाहिलं. कुणीच विचारलं नव्हतं. सही मिळाली होती, आणि सही मिळाल्यावर आम्हाला सगळ्यांना हायसं वाटलं होतं. मला तर जास्तच, कारण घरचा माणूस म्हणून लोक माझ्याकडे बघत होते.

"चोरानं कबुली दिली तर माल कुठं आहे तेही तो सांगतो," बाई म्हणाल्या. "हा कसला चोर?" वहीवर त्यांनी चार जणांची यादी केली होती, दाजी, खरेदीवाले, प्रयोगशाळेतल्या मॅडम. चौथ्या जागी मी होतो.

३

बाईंची चौकशीची तऱ्हा न्यारीच. चोरीबद्दल त्या अवाक्षर काढत नव्हत्या. प्रत्येकाला आधी एकच विचारायच्या, "सकाळी कामावर आल्यावर पहिलं काय करता?"

खरेदीवाले त्या प्रश्नाला हसले. "चहा पितो." दाजी घरी बसल्यापासून स्टोअरच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या. कपडे इस्त्रीचे, बोलणं गुळगुळीत. दोन वर्षांत मी कितीदा तरी मनातल्या मनात म्हटलं होतं, की चोर असायचाच तर हा असायला हवा होता.

"जुन्या कार्डांचं खोकं त्याच आठवड्यात चुरा करायला कुणी पाठवलं?" बाईंनी विचारलं.

"मी. जागा अडली होती."

"पाठवताना मोजलं?"

खरेदीवाल्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "सील होतं. गाडी दारात उभी होती. स्टोअरकीपर म्हणत होते, दोन मिनिटं द्या, मोजून पाठवतो. मी म्हटलं, किती वेळा मोजाल, मोजून मोजून कार्डं झिजतील." ते हसायला गेले, पण ते जमलं नाही. "मोजू दिलं असतं तर त्यांच्याकडे आकडा राहिला असता. हे माझ्या मनात येतं कधीकधी. पण चोरी मी केली नाही, बाई."

"तुम्ही केली असं मी म्हटलेलं नाही," बाई म्हणाल्या आणि खुर्ची फिरवली.

प्रयोगशाळेतल्या मॅडम बाईंच्याच शिष्या. त्यांच्या हाताखाली यंत्र गेलं की तिथं चुकीला जागा नाही, असा त्यांचा लौकिक, आणि तो त्यांनीच पसरवलेला. सकाळचा प्रश्न त्यांना फार आवडला.

"आधी सगळ्या यंत्रांचे दिवे बघते. तुमचीच शिकवण, बाई. आतला दिवा तापून स्थिर व्हायला चाळीस मिनिटं घेतो. यंत्र बंद केलं की सकाळ वाया. म्हणून माझ्याकडे यंत्र बंद होत नाही. बारा वर्षांत भिंतीवरच्या एकाही बटणाला हात लागलेला नाही." खरंच, प्रत्येक बटणावर लाल चिकटपट्टी होती.

"आणि नवं यंत्र आलं की?"

"जोडायचं, सॉफ्टवेअर भरायचं, पडद्यावरून रीस्टार्ट द्यायचा, रोजनिशी वाचायची. मग दिवसभर चाचण्या, प्रत्येक चाचणीआधी रीस्टार्ट. बटणाला हात नाही."

बाईंनी दोन वर्षांपूर्वीची नोंदवही मागितली. तक्रारींनंतर चाळीसमधलं एक यंत्र तपासायला इथं परत आणलं होतं. त्या तारखेला मॅडमच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, रिव्हिजन एक. त्याखाली अजून एक ओळ होती, रिव्हिजन तीन, आणि ती पट्टी लावून सरळ रेघेनं खोडलेली होती.

"हे काय?"

"ती माझी चूक. आदल्या यंत्राची नोंद चुकून इथं उतरली असणार."

"तुझ्या हातून चूक झाली?"

"माझ्या हातून चुका होत नाहीत," मॅडम जराशा घुश्शातच म्हणाल्या. "म्हणून तर खोडली."

बाईंनी त्या खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

४

तिसऱ्या दिवशी आम्ही एका दवाखान्यात गेलो. चाळीसमधलं तेवीस नंबरचं यंत्र तिथं अजून चालू होतं. दवाखाना दोन खोल्यांचा, फिनेलच्या वासाचा. बाकावर तिघे पेशंट, आणि यंत्राशेजारी एक गोलमटोल सिस्टर, जी त्यांना एकीकडे धीर देत होती आणि दुसरीकडे रांगेवरून दटावत होती.

"सकाळी पहिलं काय करता?"

"दाराशेजारचा मेन स्विच लावते. संध्याकाळी जाताना पाडायचा, सकाळी लावायचा. डॉक्टरांचा नियम आहे, कुलूप लावलं की वीज बंद."

"यंत्र सावकाश चालतं?"

"अकरा मिनिटं. सवय झाली आता. रक्त काढून घेतलं की पेशंटला सांगते, बाहेर जाऊन पेपर वाचून या." मग तिला काहीतरी आठवलं. "एकदा मात्र पळालं होतं हो. मागच्या वर्षी तुमचाच माणूस पडदा दुरुस्त करायला आला होता. त्यानं दुपारी ते रीस्टार्ट केलं, आणि तेव्हापासून संध्याकाळपर्यंत चार मिनिटांत रिपोर्ट. मला वाटलं, सुधारलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या."

"हे कंपनीला कळवलंत?"

"यंत्र चांगलं चाललं म्हणून कोण तक्रार करतं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीही ते ऐकलं होतं. पण त्या वेळी मी स्वतःला म्हटलं, सिस्टरला भास झाला असेल. माणसाला भास होतो यावर माझा पटकन विश्वास बसतो, ही माझी जुनी खोड आहे.

"आता तुझ्या बहिणीकडे," बाई म्हणाल्या.

५

ताईनं दार उघडलं. बाईंना या म्हणाली आणि माझ्या बाजूला नुसती सरकून उभी राहिली. दोन वर्षांत मी त्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. आधी लाज वाटत होती, मग लाजेची लाज वाटायला लागली, आणि असे महिने निघून गेले.

दाजी खिडकीशी बसले होते. हा माणूस पूर्वी घरात शिरला की घर भरायचं. येताना जिन्याच्या पायऱ्या मोजायचे, जेवताना पोळ्या मोजायचे, आणि ताईच्या रागाच्या मिनिटांचाही हिशेब ठेवतो म्हणायचे. मी शाळेत असताना गणितं त्यांनीच शिकवली. आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसले, आणि मग ताईकडे वळून हळूच विचारलं, "मी सकाळची गोळी घेतली का?"

"घेतली," ताई म्हणाली.

बाईंनी त्यांच्या उजवीकडे खुर्ची घेतली, मग आठवण होऊन बदलली. "सकाळी उठल्यावर पहिलं काय करता?"

"हिला विचारतो, आज वार कोणता."

"आणि स्टोअरमध्ये होतात तेव्हा?"

"मोजायचो." पहिल्यांदाच त्यांचा आवाज नीट लागला. "कुलूप उघडलं की आधी मोजणी. मग बाकीचं."

"त्या नऊ दिवसांत?"

"रोज. नवी यंत्रं चाळीस, सील शाबूत. जुन्या कार्डांचं खोकं एक, आत चाळीस. खोकं मी सहाव्या दिवशी उघडून मोजलं आणि पुन्हा सील केलं होतं. सातव्या दिवशी गाडी आली." ते थांबले. "म्हणजे असं मला वाटतं."

"सहाव्या दिवशी खोक्यात जुनीच कार्डं होती?"

"जुन्या कार्डाच्या पाकिटावर हिरवी रेघ असते. चाळीस हिरव्या रेघा मी पाहिल्या." मग पुन्हा ताईकडे बघत, "असं वाटतं."

"मग तुम्ही सही का केलीत?"

दाजींनी खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"याच्यासमोर नाही सांगत," ते म्हणाले.

बाई त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि दार लोटलं. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिलो. ताई धुतलेले डबे पुन्हा पुसत होती.

"ताई, तू तरी बोल."

"काय बोलू? परवा कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं म्हणून निघाले आणि परत आले. म्हणाले, रस्ता चुकलो तर? शंभर पावलांवर दुकान आहे." तिनं डब्याचं झाकण लावलं. "त्या दिवशी मीटिंगमध्ये सही करून घरी आले तेव्हा मला वाटलं, मागोमाग तू येशील. मी तुझ्यासाठीही भात टाकला होता."

तेवढ्यात बाई बाहेर आल्या. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, एकदा, दोनदा.

"चल," त्या म्हणाल्या. "मला प्रयोगशाळेतलं एक यंत्र बंद करून दाखव."

६

यंत्र बंद करू देणं मॅडमना जड गेलं. तरी बाईंपुढे त्यांचं काही चाललं नाही. मालक आले, खरेदीवाले आले. चाळिसांच्या जोडीचंच एक यंत्र टेबलावर होतं, नव्या चिपचं, दोन वर्षं न विझलेलं. त्याची रोजनिशी म्हणत होती, रिव्हिजन तीन.

"लाल पट्टी काढ," बाई मला म्हणाल्या. "भिंतीवरून बंद कर."

आम्ही दहा मिनिटं थांबलो. मग मी बटण लावलं, आणि पडद्यावर माझी ओळ उमटली.

रिव्हिजन एक.

"आता पडद्यावरून रीस्टार्ट दे."

रिव्हिजन तीन.

मॅडमनी आपली दोन वर्षांपूर्वीची नोंदवही न सांगता बंद केली.

"एक यंत्र, दोन उत्तरं," बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं, की उत्तर बदललं म्हणजे कार्ड बदललं. कार्ड कुठंच गेलं नव्हतं. इथं बारा वर्षं कुणी वीज तोडत नाही, म्हणून इथं नेहमी तीन. दवाखान्यात रोज मेन स्विच पडतो, म्हणून तिथं नेहमी एक. सिस्टरच्या यंत्राला एक दिवस रीस्टार्ट मिळाला, ते पळालं. हिच्या वहीत परत आणलेलं यंत्र आधी एक म्हणालं, रीस्टार्टनंतर तीन म्हणालं, आणि हिनं खरी नोंद खोडली, कारण आपण चुकणार नाही याची हिला खात्री होती. हे मला दिसलं. असं का होतं, ते मात्र हाच सांगेल."

तोवर मला कळलं होतं. कपाटातून रिव्हिजन तीनचं जाडजूड पुस्तक काढलं. दोन वर्षांपूर्वी मी त्याची पहिली चार पानं वाचली होती, 'काय बदललं' एवढीच यादी. ते वाक्य दोनशे बाराव्या पानावर होतं. चिपच्या पोटातली नंबराची जागा, वीज आल्यावर जागी व्हायला तीन मिलिसेकंद घेते. तयार झाली की शेजारची एक खूण उठते. खूण उठेपर्यंत तिथं शून्य वाचलं जाईल. नुसत्या रीस्टार्टमध्ये वीज तुटत नाही, म्हणून ती जागा आधीच तयार असते.

जुन्या चिपला ही थांबायची भानगड नव्हती. माझा कर्नेल खूण न बघता तडक वाचत होता. आणि यंत्रांचं मोजणं शून्यापासून असतं, तेव्हा शून्य म्हणजे रिव्हिजन एक, असं मीच त्याला शिकवलं होतं. शून्य म्हणजे अजून काही माहीत नाही, असंही असू शकतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. किती लवकर वाचतो बघा, म्हणून मी त्या ओळीची फुशारकी मारत असे.

"त्या मीटिंगमध्ये मी तुला विचारलं होतं," मालक हळू आवाजात म्हणाले. "तुझ्या ओळीत चूक असू शकते का म्हणून."

विचारलं होतं. आणि टेबलाच्या पलीकडे दाजी बसलेले असताना मी म्हणालो होतो, माझी ओळ खोटं बोलत नाही. दाजी एवढंच म्हणाले होते, एक झाकण काढून बघा ना. मी म्हटलं, कशाला उगीच एक कार्ड वाया घालवायचं. एक कार्ड. घरच्या माणसाची बाजू घेतोय असं कुणी म्हणू नये, म्हणून मी आवाज जरा जास्तच कडक ठेवला होता.

सगळे गेल्यावर बाईंनी मला उजवीकडे बसवलं.

"सही का केली ते ऐकायचंय?"

"त्यांना पोलिसांची भीती दाखवली असणार."

"नाही. ते म्हणाले, पोरगा लहानपणापासून हुशार. त्याला मी गणित शिकवलं, कधी उत्तर चुकलं नाही. तो सगळ्यांसमोर म्हणाला, ओळ खोटं बोलत नाही, म्हणजे नसणार बोलत. मग चाळीस मोजणारा मीच चुकलो असणार. कधीतरी माझ्याच हातून अदलाबदल झाली असणार आणि मला आठवत नाही." बाई थांबल्या. "त्यांच्या वडिलांना म्हातारपणी कुणाची ओळख राहिली नव्हती. त्यांना वाटलं, आपलंही सुरू झालं. डॉक्टरकडे गेले नाहीत, नक्की कळेल या धास्तीनं. तुला वाईट वाटेल म्हणून तुझ्यासमोर सांगायचं नव्हतं."

तुझ्या ओळीवर सगळ्यात जास्त विश्वास त्यांनीच ठेवला, असं काही बाई म्हणाल्या नाहीत. ते माझं मलाच कळलं.

७

त्याच संध्याकाळी दिवेलागणीला मी ताईकडे गेलो आणि दाजींसमोर बसून सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं. मग एखाद्या गणितातली पायरी विचारावी तसं विचारलं, "जागं व्हायला किती वेळ लागतो म्हणालास?"

"तीन मिलिसेकंद."

"आणि तू किती थांबला होतास?"

"थांबलोच नव्हतो, दाजी."

ते जरा हसले. "घाई तुला पहिल्यापासून." मग म्हणाले, "म्हणजे खोक्यात चाळीस होती."

"चाळीसच होती. तुम्ही बरोबर मोजलं होतं."

ताई दारात उभी होती. ती रडली, मग माझ्यासमोर ताट मांडलं, आणि दोन वर्षांनी मी त्या घरी जेवलो. दुसऱ्या दिवशी मालक स्वतः कामावर परत या म्हणून पत्र घेऊन गेले, खरेदीवाल्यांनी किल्ल्यांचा जुडगा दाजींच्या हातात दिला आणि मॅडमनी सर्वांदेखत माफी मागितली. मी कर्नेलमध्ये खुणेसाठी थांबायची चार ओळींची दुरुस्ती केली. मला वाटलं, झालं. मला प्रत्येक गोष्ट लवकर झाली असं वाटतं.

चौथ्या दिवशी ताईचा फोन आला. "ये जरा. सकाळपासून म्हणतायत, ते कार्डांचं मला स्वप्नात दिसलं की कुणी खरंच सांगितलं?"

आम्ही त्यांना डॉक्टरकडे नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्तीला काही झालेलं नाही, कधीच झालं नव्हतं. पण दोन वर्षं हा माणूस स्वतःला रोज तपासतोय आणि रोज नापास करतोय. दुसऱ्याला विचारल्याशिवाय त्यांना स्वतःचं काही खरं वाटत नाही. या सवयीला गोळी नाही, असं ते म्हणाले. किल्ल्या दाजींनी आठवड्याभरात परत पाठवल्या. हरवतील म्हणाले.

आता मी रोज कामावरून सुटलो की तिकडे जातो. सहा महिने झाले, एक दिवस चुकवलेला नाही. पुस्तकाचं दोनशे बारावं पान नेऊन दाखवलं, चिप दाखवली, यंत्र घरी नेऊन त्यांच्याच हातानं बंद-चालू करवलं. त्या त्या वेळी त्यांना पटतं, चेहरा उजळतो, आणि ताईला हाक मारून ते तिलाही समजावतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा शंका असते.

कालही गेलो होतो. खुर्ची जवळ ओढली आणि म्हटलं, "चाळीसच होती, दाजी. चूक माझी होती."

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, आणि लहानपणी माझं एखादं गणित अडलं की बोलायचे तशा मऊ आवाजात म्हणाले, "तू मनानं चांगला आहेस. म्हणून असं सांगतोस."